माझा राग तिसऱ्या दिवशी येतो

भाभीने माझ्याच टेबलावरचं लाल स्टिकर उचललं आणि माझ्या गालावर चिकटवलं. मग चाळीस बायकांकडे वळून म्हणाली, "जुओ, आ पीस सेकन्ड छे."

सगळ्या हसल्या. मीही हसले.

मी कापड तपासते. सुरतेत गोडादऱ्याच्या बाजूला एक फोल्डिंग आहे, म्हणजे लूमवरून आलेलं कोरं कापड तपासून, घड्या घालून पुढे पाठवायची जागा. तिथे तिरप्या काचेमागे ट्यूबलाइट लावलेल्या असतात. काचेवरून कापड खाली सरकत राहतं. जिथे धाग्याची तार तुटलेली दिसेल, वीण सुटून जाळं पडलेलं दिसेल, तेलाचा डाग दिसेल, तिथे किनारीला लाल स्टिकर लावायचं. ज्या ताक्याला, म्हणजे कापडाच्या ताग्याला, जास्त स्टिकरं, तो ताका सेकंड. सेकंडचा माल मोठ्या मार्केटात जात नाही, फुटपाथवर जातो. हे त्या खोलीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं, म्हणून त्या हसल्या. विनोद मलाही कळला होता. त्यात माझा अपमान आहे, एवढंच कळलं नव्हतं.

सगळे हसले की आपणही हसायचं, हा नियम मी लहानपणीच पाठ केला होता. नाही हसलं तर शाळेत मार बसायचा. गालावर स्टिकर तसंच ठेवून मी पुढचा ताका लावला. दुपारी डबा खाताना शेजारच्या शोभाबेनने ते काढून टाकलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

भाभी म्हणजे शेठची सून. बाहेर कुठेतरी मोठं शिकून आली. शेठने तिला सांगितलं, हिशेब मुलगा बघेल, तू माणसं बघ. तर ती माणसं बघायला लागली. दाराजवळ तिने एक पांढरा बोर्ड टांगला. त्यावर पाच पिवळे गोल चेहरे. आमच्या सगळ्यांच्या नावांचे लोहचुंबकाचे बिल्ले केले. सकाळी आत येताना आज आपल्याला कसं वाटतंय ते बघायचं आणि त्या चेहऱ्याखाली आपला बिल्ला लावायचा. पहिल्या आठवड्यात दोघीतिघींनी खरंच रडक्या चेहऱ्याखाली लावला. भाभीने त्यांना वर ऑफिसात बोलावून घरचं सगळं विचारून घेतलं. जेवायच्या सुट्टीपर्यंत कुणाचा नवरा पितो आणि कुणाची पोरगी परत आली आहे, हे पूर्ण फोल्डिंगला कळलं. दुसऱ्या दिवसापासून चाळीसच्या चाळीस बिल्ले हसऱ्या चेहऱ्याखाली. बायका काही दुधखुळ्या नसतात.

मीच एक दुधखुळी. मी रोज बोर्डापुढे उभी राहायचे आणि मागे रांग लागायची. पहिला हसतोय, पाचवा रडतोय, एवढं कळायचं. मधल्या तिघांना काय झालंय? एकाचं तोंड सरळ, एकाचे डोळे अर्धे मिटलेले, एकाची भुवई वर. त्या दिवशी मी सरळ विचारलं. भाभी तिथेच होती. मी विचारलं, हा चौथा कोण आहे, आणि आपण तो आहोत हे माणसाला कसं कळतं?

तिला वाटलं मी तिची टर उडवते आहे. मनगट धरून तिने मला टेबलाशी नेलं आणि ते स्टिकर लावलं. जाताना म्हणाली, "कल से बराबर लगाना. नहीं तो पैकिंग में बैठना."

पॅकिंग म्हणजे मागचा पत्र्याचा हॉल. तिथे दिवसभर खोक्यांवर चिकटपट्टी ओढतात. त्या पट्टीचा आवाज दुसऱ्यांना आवाज असतो, माझ्या दातांत आणि डोळ्यांमागे तो दुखतो. लूमची खटखट मला चालते, ती एकसारखी असते, तिच्यात मी झोपूही शकते. पट्टी कधी ओढली जाईल ते कळत नाही. पॅकिंगमध्ये मी एकदा अर्धा दिवस बसले होते आणि घरी येऊन ओकले होते. माझं काचेचं टेबल हीच सुरतेतली एक जागा, जिथे मला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. कापडाला चेहरा नसतो. त्यात चूक असली तर ती दिसते आणि नसली तर नाही. ते टेबल गेलं तर माझं काय होईल, हे भाभीला नाही पण मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी गुपचूप हसऱ्या चेहऱ्याखाली बिल्ला लावायला लागले.

स्टिकर लागलं तो मंगळवार होता. राग आला गुरुवारी.

गुरुवारी सकाळी लिंबायतच्या आमच्या खोलीत मी भाकरी थापत होते. सासू म्हणाली, भाजीत मीठ कमी आहे. रोजच म्हणते. खानदेशातली बाई, तिला मीठ आणि तिखट दोन्ही कमीच वाटतं. ती एवढंच बोलली आणि माझ्या हातातली परात पिठासकट तिच्या अंगावर गेली. परातीची कड तिच्या मनगटावर बसली. पीठ तिच्या केसांत, देवाच्या फोटोवर, सगळीकडे.

"तुले काय व्हयनं?" एवढंच ती म्हणाली. मनगट धरून, खाली बसून.

मला काय झालं ते मलाच माहीत नव्हतं. कान पेटले होते, मानेमागे कुणी मुठीत धरल्यासारखं झालं होतं, आणि ते थांबेना म्हणून मी भिंतीवर डोकं आपटलं. दोनदा की तीनदा. लूमवरून बारा तास करून नवरा तेवढ्यात दारात आला आणि तसाच उभा राहिला. त्याने काय बघितलं असेल? म्हातारी आई पिठात बसलेली, आणि बायकोच्या कपाळातून रक्त.

वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात ना, माझं सगळं आयुष्य तसं गेलं. फरक इतकाच, की इतरांना वडा कुठला ते ठाऊक असतं. मला तेल तेवढं हातात सापडतं, उकळतं, आणि समोर जो असेल त्याच्यावर सांडतं.

माझी आई वारली तेव्हाही हेच झालं. पारोळ्याकडे आमचं गाव. आमच्याकडे मयताच्या घरी बाया येतात त्या लेकीच्या गळ्यात पडतात, आणि गेलेल्या माणसाचं एकेक आठवून मोठ्याने रडतात. लेकीने त्याहून मोठ्याने रडायचं. एक सुटली की दुसरी. मी हात सरळ सोडून उभी होते. प्रत्येकीच्या डोक्याच्या तेलाचा वास वेगळा होता, तो मला आजही सांगता येईल. रडू येत नव्हतं. मावशीने लुगड्याच्या आडून माझ्या दंडाला चिमटे काढले. इतके, की दंड निळा झाला. तरी नाही. मग ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "डोयामा पानी नही. दगड शे, दगड."

अडीच महिन्यांनी मी सुरतेत बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, तळत होते. आईने उन्हाळ्यात करून दिलेल्या. डब्यात हात घातला तर शेवटची हाती आली, आणि मला रडू फुटलं. दुपारपासून दिवे लागेपर्यंत रडले. तेल जळलं, घरात धूर झाला. सासूला वाटलं गावाकडून आणखी कुणी गेल्याचा फोन आला. ती मला विचारत राहिली, कोण गेलं, कोण गेलं. मी म्हटलं, आई. ती घाबरून शेजारणीला बोलवायला धावली. ते रडणं कुणी मोजलं नाही. गावात मी आजही दगडच आहे.

परातीच्या दिवशी आम्ही दोघी सरकारी दवाखान्यात गेलो. तिच्या मनगटाला पट्टी बांधली, माझ्या कपाळाला टाके घातले. टाके घालणाऱ्याने विचारलं, कसं लागलं? मला खोटं पटकन सुचत नाही. खरं सांगितलं. त्याने चिठ्ठी लिहून वरच्या मजल्यावर पाठवलं, डोक्याच्या विभागात. सासू बाहेरच्या बाकावर बसली आणि ओळखीचं कुणी बघेल म्हणून तिने पदर तोंडावर घेतला.

आत एक तरुण डॉक्टर होती. कामरेजहून रोज बसने येते, असं ती नर्सला सांगत होती. तिने विचारलं, काय वाटतं? मी म्हटलं, माहीत नाही. हे उत्तर मी जन्मभर देत आले आहे आणि जन्मभर त्यासाठी बोलणी खाल्ली आहेत. शिक्षकांना ते उद्धट वाटलं, मावशीला माजोरी, नवऱ्याला लपवाछपवी. माहीत नाही म्हणजे माहीत नाही, हे कुणी धरूनच चालत नाही. या मुलीने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "शरीर में कहाँ होता है?"

हे मला सांगता आलं. कान, मान, दाढा. पोटाच्या डाव्या बाजूला ओढ. हाताची बोटं गार. कधी कुठे, किती वेळ, सगळं. मी बोलत राहिले, ती लिहीत राहिली. छत्तीस वर्षांत माझ्या आतलं कुणी असं विचारलं नव्हतं. मग ती म्हणाली, हा राग असू शकेल. आणि तो उशिरा पोचतो, कारण तुझ्या शरीराला आधी कळतं आणि तुला मागाहून. तिने ऑटिझम हा शब्द सांगितला. तो मी लहान मुलांसाठी ऐकला होता, मोठ्या बाईला असतो हे ऐकलं नव्हतं. ती म्हणाली, जन्मापासूनच असतो, पण मोठ्यांची नीट तपासणी आमच्याकडे होत नाही, म्हणून आज मी कागद देऊ शकत नाही. नंतर ये, बघू. नंतर गेले तेव्हा ती नव्हती, तिची बदली झाली होती.

ते ऐकून मला कसं वाटलं ते विचारू नका. ते अजून आलेलं नाही.

तिने एक गोष्ट शिकवली तेवढी राहिली. कान तापला की कुठे होतीस, समोर कोण होतं, ते लक्षात ठेव. राग पोचला की मागे जाऊन बघ. हे मला चटकन समजलं. आम्ही डागाचं हेच करतो. एकसारखा डाग दिसला की ताक्याच्या टोकावर लूमचा नंबर बघायचा, म्हणजे कुठल्या लूमचं तेल गळतंय ते सापडतं. कापडाला शिव्या देऊन उपयोग नसतो.

समजलं म्हणून जमलं असं नाही. पुढच्या चार महिन्यांत मी दोनदा सासूवर ओरडले, एकदा रिक्षावाल्यावर, त्या बिचाऱ्याने फक्त सुट्टे मागितले होते. एकदा ज्या गोष्टीला मी राग समजत होते ती भूक निघाली. एकदा ताप. नवरा म्हणाला, डॉक्टरीण बाईने नवीन खूळ डोक्यात घातलं. आणि रोज सकाळी मी हसऱ्या चेहऱ्याखाली बिल्ला लावत होते, आणि रोज सकाळी पोटाच्या डाव्या बाजूला ओढ लागत होती. का, ते कळत नव्हतं. मला फार एकटं वाटायचं. हे मी आता म्हणते आहे, तेव्हा मला वाटायचं की अपचन झालंय.

मग एका बुधवारी भाभी बाहेरगावच्या पाहुण्यांना घेऊन आली. माल घेणारी मोठी माणसं. बोर्ड दाखवला, बायकांनी हसून नमस्कार केले. माझ्या टेबलाशी येऊन तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. विचारलंही नाही. म्हणाली, "ये हमारी रोबोट है. इसको कुछ फील नहीं होता, इसलिए इससे एक डाग नहीं छूटता."

पाहुणे हसले. त्यातल्या एकाने माझ्या डोळ्यांपुढे पंजा हलवून बघितला. मी कापडावरून नजर काढली नाही. हसले मात्र नाही. आणि मनात नोंद केली. दोन्ही कान, मान, दाढा. डब्याच्या सुट्टीआधी. समोर भाभी.

त्या दिवशी काही वाटलं नाही. गुरुवारी नाही. शुक्रवारी सकाळी सासू म्हणाली, चहा गार झाला. आणि ते आलं. कान पेटले, हात गाळणीकडे गेला. सासू माझ्या हाताकडे बघत होती. ती मागे सरकली. भिंतीला टेकली. बासष्ट वर्षांची बाई, माझ्या हाताला घाबरून.

मी गाळणी खाली ठेवली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. मागे मागे गेले. चहा नाही. गुरुवार नाही. बुधवार, डब्याची सुट्टी, डोक्यावरचा हात, पंजा. सापडलं. आणि ते सापडल्यावर त्याच्या मागचं सापडलं, चार महिन्यांपूर्वीचं, गालावरचं. हे म्हातारीचं नव्हतंच. कधीच नव्हतं. मी जन्मभर जे घरच्यांच्या अंगावर ओतलं, ते दुसऱ्यांनी माझ्यात भरलेलं होतं. हे कळल्यावर मला फार लाज वाटली. ती मात्र त्याच वेळी आली, तिला उशीर झाला नाही.

त्या दिवशी मी बोर्डापुढे थांबले नाही. माझा बिल्ला काढून मुठीत घेतला आणि जिना चढून ऑफिसात गेले. नऊ वर्षांत मी त्या जिन्यावर पाय ठेवला नव्हता. एसी गार होता, टेबलावर काजूची वाटी होती.

मी म्हटलं, "परसों आपने मुझे रोबोट बोला. मुझे गुस्सा आया है."

तिने फोनवरून डोकं वर केलं. "अरे, वो तो पुरानी बात हो गई."

"आपके लिए पुरानी. मुझे आज सुबह आई."

तिचा चेहरा बदलला. कसा, ते सांगता येणार नाही, मधल्या तिघांपैकी कुठलातरी असेल. मी थांबले नाही, थांबले असते तर परत तोंड उघडलं नसतं. मी म्हटलं, तुम्ही मला सेकंड म्हणालात त्याचाही राग आहे, तो आता सापडला. मी बिल्ला तिच्या टेबलावर ठेवला. "ये अब नहीं लगाऊँगी. जो मुझे नहीं दिखता, उस पर मैं निशान नहीं करती."

ती आरडाओरडा करेल असं मला वाटलं होतं. तिने आवाज बारीक केला. तू ठीक नाहीस, तुला आरामाची गरज आहे, असं आजारी माणसाशी बोलतात तसं बोलली. मग फोन उचलून खाली सांगितलं, हिला आजपासून पॅकिंगला बसवा. मी जिना उतरले. शोभाबेनने मान खाली घातली आणि ती घड्या घालत राहिली. तिचाही दोष नाही, तिला तीन पोरी आहेत.

आज तेवीस दिवस मी पत्र्याच्या हॉलमध्ये आहे. कानात कापूस घालते, उपयोग होत नाही. पट्टी ओढली जाते आणि माझे दात आवळतात. संध्याकाळी रिक्षात मी डोळे मिटून बसते. घरी येऊन दोनदा ओकले. माझ्या टेबलावर नवीन मुलगी बसवली आहे. तिच्या हातून गेलेले ताके मी खोक्यात भरते आणि त्यातलं जाळं मला डोळ्यांनी दिसतं. मी सांगायला गेले तर मुकादम म्हणाला, तू पट्टी लाव.

नवरा म्हणतो, जा, जरा हसून माफी माग, टेबल परत मिळेल. भाभी काही मनाने वाईट नाही. सासूही तेच म्हणते, "माफी मांगी ले." तिचं मनगट अजून भाकरी थापताना पूर्ण वळत नाही. तिच्यापुढे मला बोलायला तोंड नाही. दुसऱ्या फोल्डिंगात विचारून आले. नऊ वर्षांचं टेबल का सोडलं, असं त्यांनी विचारलं, आणि मी खरं सांगितलं. माझ्याजवळ दाखवायला कागद नाही. समजावून सांगायला चेहरा नाही. माझ्यासारखी बाई या गावात किती टिकते, मला माहीत नाही.

पण माफी मी मागणार नाही. तो बिल्ला परत हातात घेणार नाही. या तेवीस दिवसांचा राग अजून पोचलेला नाही, तो वाटेत आहे, हे माझे कान मला रोज सांगतात. तो येईल तेव्हा बहुतेक सकाळ असेल आणि माझ्यापुढे म्हातारी असेल. तिला एक ओरखडाही लागणार नाही. मी हातातलं खाली ठेवीन, चपला घालीन आणि तो जिना पुन्हा चढेन. भाभी पुरानी बात म्हणाली तरी चढेन. कामावरून काढलं तर बाहेरून येऊन चढेन.